स्वयंसेवकाच्या हातातली काठी

(ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलातील काही तरुण महिन्याभरापूर्वी माझ्याकडे आले होते. संकुलात लागोपाठ चोऱ्या झाल्यामुळे रात्रीची गस्त सुरू करावी असे त्यांच्या मनात होते आणि नागरिकांनी स्वतःहून उभारलेल्या रक्षक दलांचा इतिहास काय सांगतो, असे त्यांनी विचारले. आजचे बोलणे हे त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. आपण कचेरीत रजा टाकतो, एखाद्या गोष्टीला राजी होतो किंवा राजीनामा देतो, तेव्हा ज्या अरबी मुळाचे शब्द आपल्या तोंडी असतात, त्याच मुळाला फारसी ‘कार’ जोडून ‘रझाकार’ हा शब्द झाला आहे. जो राजीखुशीने काम करतो तो रझाकार. साध्या मराठीत स्वयंसेवक. परंतु मराठवाड्यातून येऊन कळव्यात किंवा ऐरोलीत स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबातल्या आजींसमोर हा शब्द नुसता उच्चारून पाहा. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या हाताखाली या स्वयंसेवकांनी गावोगाव जी लूट आणि जाळपोळ केली, तिच्या आठवणी 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे राज्य संपल्यानंतरही तीन-तीन पिढ्यांनी जपल्या आहेत. 1971 च्या मुक्तियुद्धात पाकिस्तानी सैन्याला साथ देणाऱ्या दलाचे नाव हेच असल्याने बांगलादेशातही हा शब्द शिवीसारखा झाला. पाकिस्तानात मात्र नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकाला सर्रास रझाकार म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. म्हणजे लोकांच्या मनातली प्रतिमा नावावर ठरत नाही. माझ्या मते ती शस्त्रावर किंवा शौर्यावरही फारशी ठरत नाही. हजेरीपट कोणाच्या हातात आहे आणि चूक झाली तर जाब कोण कोणाला विचारणार, यावर ती ठरते.

आपले गृहरक्षक दल, ज्याला सगळे होमगार्डच म्हणतात, ते डिसेंबर 1946 मध्ये, जातीय दंगलींच्या काळात, मुंबईत उभे राहिले. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि 1962 च्या चीन युद्धानंतर देशभरच्या अशा दलांना एकसारखे रूप देण्यात आले. 1947 चा तो कायदा छोटा आहे, पण त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. जवानाला कामावर बोलावले की तेवढ्यापुरते त्याला पोलिसाचे अधिकार आणि पोलिसाचेच संरक्षण मिळते, आणि तो दलातून बाहेर पडला की नेमणुकीचे प्रमाणपत्र, हत्यार आणि साहित्य त्याला परत करावे लागते. अधिकार हा अंगावरच्या गणवेशासारखा, उसना घेतलेला आणि उतरवून ठेवण्याचा.

या उसनेपणाची किंमतही त्याला मोजावी लागते. एका अनंत चतुर्दशीला मासुंदा तलावाच्या काठी मी एका होमगार्डशेजारी बराच वेळ उभा होतो. खाकी शर्टाला कडक इस्त्री होती, पण एका बुटाची नाडी काळी आणि दुसऱ्याची तपकिरी होती. दिवसा तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथ चालवत असे, कारण मानधन फक्त बंदोबस्ताच्या दिवसांचे मिळते आणि त्यावर घर चालत नाही. दोरीच्या आत घुसणाऱ्या पोरांना तो मागे सारत होता, तेवढ्यात त्यांच्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, “पोलीस नाहीये रे तो, होमगार्ड आहे.” आणि पोरे सरळ पुढे गेली. त्याने काठी उचलली नाही. दोरी पुन्हा ताणून धरली. ‘निष्काम सेवा’ हे दलाचे ब्रीद मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळले.

थट्टा ही अशा दलांच्या नशिबी असतेच. मे 1940 मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये स्थानिक संरक्षण स्वयंसेवकांची भरती सुरू झाली, तेव्हा बंदुका पुरेनात आणि त्यांच्या इंग्रजी नावाच्या ‘एल.डी.व्ही.’ या आद्याक्षरांवरून लोकांनी ‘लुक, डक अँड व्हॅनिश’, म्हणजे ‘बघा, वाका आणि पसार व्हा’, असे दुसरेच नाव पाडले. ज्या दलाला लोक मोकळेपणाने हसू शकतात, त्याची भीती कोणाला वाटत नसते, आणि मला ती जमेची बाजू वाटते.

दुसरी बाजू मी स्वतः पाहिली आहे, नव्हे, तिच्यात होतो. नव्वदीच्या दशकात कळव्यातल्या आमच्या चाळींमध्ये दरोडेखोरांच्या अफवा पसरल्या आणि आम्ही गस्त घालू लागलो. बांबू, शिट्ट्या, चहाचा थर्मास. नावे लिहायची वही माझ्याकडे. पहिला आठवडा मजेत गेला. मग एका पहाटे बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीतून रात्रपाळी करून परतणारा एक माणूस आम्ही अडवला. तो घाबरून तेलुगूत काही सांगत होता, ते आम्हाला कळेना, आणि कळत नाही एवढ्यावरच कोणीतरी पहिला बांबू चालवला. त्याचा डबा उघडून भात रस्त्यावर सांडला, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो. वहीत त्या रात्रीच्या नोंदीपुढे माझ्या अक्षरात ‘विशेष काही नाही’ असे लिहिलेले आहे. ती वही आमच्याशिवाय कोणी बघणार नव्हते, म्हणून तसे लिहिता आले. एप्रिल 2020 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने जागत्या पहाऱ्यावर असलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचा जीव घेतला, तेव्हा मला तो डबा आठवला.

शासनाने अशा दलाला नुसता हात दिला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. बस्तरमध्ये 2005 मध्ये सुरू झालेल्या ‘सलवा जुडूम’चे शासकीय भाषांतर ‘शांती मोहीम’ असे होते. जेमतेम शिकलेल्या आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमून माओवाद्यांच्या विरोधात पुढे केले गेले. 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, कारण त्यात गावकऱ्यांच्या जिवाइतकाच त्या तरुणांच्या जिवाशीही खेळ होता.

याउलट आपल्या शेजारची भिवंडी पाहा. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 च्या सुमारास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी वस्तीतली साधी हिंदू-मुसलमान माणसे त्यांत घेतली आणि त्यांच्या बैठकांना पोलीस हजर असत. त्यांच्या हातात काठीही नव्हती. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला कोणाकडे जायचे, एवढे मात्र प्रत्येकाला ठाऊक होते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

घोडबंदरच्या मित्रांनो, गस्त जरूर घाला. पण पहिल्या रात्री बाहेर पडण्यापूर्वी सर्वांच्या नावांची यादी पोलीस ठाण्यात द्या, तिची पोच घ्या, आणि रोजची वही दर आठवड्याला तिथल्या माणसाला दाखवून त्याची सही घ्या. बांबू घरीच ठेवा. शिट्टी आणि टॉर्च पुरेल.