वॉसचं विरजण

हे लाकडी कडं जवळून पाहा. लाकडाचे छोटे तुकडे एकमेकांत अडकवून केलेलं. पूर्वी हे बिअरच्या यीस्टमध्ये बुडवायचे, वाळवायचे आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवायचे. पश्चिम नॉर्वेत या घरच्या यीस्टला 'क्वाइक' म्हणतात.

आपण आलोय तिथल्याच वॉस या गावाला. पहाटेपासून चूल पेटली आहे. तांब्याच्या हंड्यात जुनिपर या सुवासिक झुडपाच्या हिरव्या फांद्या उकळताहेत. याच पाण्यात मोड आणून वाळवलेली बार्ली भिजेल, तिचा गोड रस निघेल आणि तो पुन्हा तीन-चार तास आटत राहील. रंग आधी मधासारखा, मग तांबूस. चुलीपासून कुणी हलत नाही.

घरची बिअर इथे फार जुनी. पश्चिम नॉर्वेच्या मध्ययुगातल्या गुलाटिंग कायद्यानुसार सणाची बिअर शेतकऱ्याने करायचीच. ओळीने तीन वर्षं चुकवली, तर मालमत्ता जप्त. निम्मी राजाची, निम्मी बिशपची.

आता खरी घटका. एरवी घरी बिअर करणारे रस वीसेक अंशांपर्यंत निववून मग यीस्ट घालतात. त्याहून फार गरम असला, तर चव बिघडते. क्वाइक मात्र चाळीस अंशांच्या जवळपासही खुशाल काम करतं. जुनी माणसं हे माप दुधावरून सांगत. आपण ज्याला धारोष्ण म्हणतो, तेवढं गरम. यीस्ट घालताना काही गावांत जोरात आरोळी ठोकायची रीत होती. आरोळी मोठी, तर बिअर कडक!

आपल्याकडे विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जातात. इथेही तेच. आपलं क्वाइक नासलं, तर शेजारच्याकडून आणायचं. त्याचं बिघडलं, तर आपण द्यायचं. पुढे दुकानात बेकरीचं यीस्ट मिळू लागलं आणि बहुतेक खोऱ्यांतून घरचं यीस्ट गेलं. मोजक्या घरांनी ते सोडलं नाही. बाहेरचं कुणी विचारत नव्हतं, तेव्हाही त्यांनी ते जपलं. मला ही माणसं फार मोठी वाटतात. २०१८ साली प्रयोगशाळेत क्वाइकची जनुकं तपासली, तेव्हा या यीस्टचं कुळच वेगळं निघालं. आज जगभरचे हौशी लोक ते मागवून घेतात.

दोन दिवस झाले. पिंपाचं झाकण उघडतंय, संत्र्यासारखा वास येतोय. हल्ली कड्याऐवजी बरणी असते. तळाचं दाट यीस्ट पळीने तिच्यात भरलं जातंय. एक बरणी घरच्या फ्रीजमध्ये. दुसरी शेजारी न्यायची.