जाहिरात दाखवली, पण विक्री तिच्यामुळे झाली का?

(स्क्रीनवर डॅशबोर्डचा, म्हणजे जाहिरातीचा हिशेब दाखवणाऱ्या पानाचा नमुना: ‘विक्री 1,200’)

हा आकडा बघून बरं वाटतं ना? पण या 1,200 पैकी किती जणांनी जाहिरात नसती तरीही खरेदी केलीच असती? डॅशबोर्ड ते सांगत नाही. यांना जाहिरात दाखवली आणि नंतर यांनी खरेदी केली, एवढीच त्याची साक्ष.

बरं, ‘दाखवली’ तरी म्हणजे काय? बॅनरचा निम्मा भाग सलग 1 सेकंद स्क्रीनवर राहिला, की जाहिरात क्षेत्राच्या मापात तो दिसण्याजोगा धरतात. व्हिडिओसाठी 2 सेकंद. तेव्हा माणूस चहा ओतत होता की स्क्रीनकडे बघत होता, याची नोंद त्या मापात नाही.

यूट्यूबवर स्किपचं बटण 5 सेकंदांनी येतं. व्ह्यूमागे पैसे मोजत असाल, तर 30 सेकंद पाहिल्यावर, छोटी जाहिरात असेल तर ती संपल्यावर किंवा कुणी क्लिक केल्यावरच व्ह्यू धरला जातो. म्हणजे स्किप करणाऱ्यांसमोरची ती 5 सेकंदं तुम्हाला जवळपास फुकट मिळतात. आणि त्यात आपण काय घालतो? ड्रोनवरून टिपलेला सूर्योदय! ब्रँडचं नाव थेट शेवटच्या फ्रेममध्ये. उलटं करा. पहिल्या 2 सेकंदांत वस्तू वापरात दिसू द्या आणि पाचव्याच्या आत नाव येऊ द्या, बोलूनही आणि अक्षरांतही, कारण फीडमध्ये बरेच जण आवाज बंद ठेवतात.

आता बजेट. मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर, एका अ‍ॅड सेटला (एकाच बजेटवर, एकाच प्रेक्षकवर्गासाठी चालणाऱ्या जाहिरातींच्या संचाला) आठवड्यात साधारण 50 खरेद्या मिळाल्या, की यंत्रणेला गिऱ्हाईक ओळखता येऊ लागतं. तोवर खर्च वर-खाली होतच राहणार. दुसऱ्याच दिवशी घाबरून टार्गेटिंग (जाहिरात कुणाला दाखवायची ते) बदललंत, तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून. एका खरेदीमागच्या अपेक्षित खर्चाला 50 ने गुणा. तेवढं आठवड्याचं बजेट नसेल, तर पाच अ‍ॅड सेटचा एकच करा, किंवा खरेदीऐवजी ‘कार्टमध्ये टाकलं’ हे लक्ष्य ठेवा. त्यातून कार्ट भरून निघून जाणारेही येतील, ते गृहीत धरा.

आता पुन्हा त्या 1,200 कडे.

(स्क्रीनवर दोन रकाने)

समजा, जाहिरात सुरू करण्याआधीच 2 लाख लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका लाखाला जाहिरात, दुसऱ्या लाखाला नाही. पहिल्यात 1,200 खरेद्या, दुसऱ्यात 1,000. जाहिरातीची कमाई फक्त 200 खरेद्या. म्हणजे एका खरेदीचा खरा खर्च डॅशबोर्डवर दिसतो त्याच्या सहापट!

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, गट छोटे ठेवणं. हजार-हजार लोकांत 12 विरुद्ध 10 आले, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. दुसरी चूक जास्त फसवी: जाहिरात पाहिलेले आणि न पाहिलेले यांची तुलना. खरेदीच्या बेतात असलेल्यांनाच प्लॅटफॉर्म जाहिरात आधी दाखवतो, त्यामुळे ते पुढे दिसणारच. चिठ्ठीने पडलेला गट अख्खा मोजायचा, त्यातल्या ज्यांना जाहिरात दिसलीच नाही त्यांच्यासह.

सगळ्यात आधी तपासायची ती स्वतःच्याच नावाच्या सर्चवर चालणारी जाहिरात. 2012 मध्ये ईबे या ऑनलाइन बाजाराने ती काही सर्च इंजिनांवर बंद करून पाहिली. जवळजवळ सगळी माणसं खालच्या साध्या, बिनपैशाच्या निकालावर क्लिक करून तशीच आली. अर्थात, ईबे हे माहीत असलेलं नाव. तुमचं नाव शोधल्यावर वर स्पर्धकाची जाहिरात येत असेल, तर गणित बदलू शकतं. म्हणून थोडे भाग (शहरं किंवा जिल्हे) चिठ्ठीने निवडून तिथे ती चार आठवडे बंद ठेवा. क्लिक मोजू नका, त्या भागांतली एकूण विक्री बाकीच्यांशी ताडून बघा.