काड्यांचे घर, गोट्यांचा भूकंप

किल्लारी परिसरातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात सातवीची मुले एका परातीभोवती बसली आहेत. परातीत गोट्या पसरल्या आहेत, गोट्यांवर एक फळी ठेवली आहे आणि फळीवर मुलांनीच बांधलेले हातभर लांबीचे घर आहे. फळी मागेपुढे ढकलली की घराखालची जमीन हलू लागते. या शाळेतील भूकंपाचे यंत्र एवढेच.

पहिले घर जुन्या पद्धतीचे आहे. काळ्या मातीच्या चिखलात गोल खडे रचून केलेल्या जाड भिंती, वर तुराट्यांची पाटण आणि त्यावर मातीचा थर. तीनचार हेलकाव्यांतच भिंतीचा आतला पदर एकीकडे आणि बाहेरचा दुसरीकडे सुटतो, आणि छताची माती आत कोसळते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र संपत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जे घडले आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे ज्यात दगावली, त्याचे एक मोठे कारण येथे डोळ्यांसमोर दिसते. माळवद, म्हणजे असे मातीचे सपाट छत, उन्हाळ्यात घर थंड ठेवत असे, यात शंका नाही. परंतु पाऊस गळू नये म्हणून वर्षानुवर्षे वर माती टाकत गेल्याने छताचे वजन वाढत गेले, आणि छत जितके जड तितका हादऱ्याच्या वेळी भिंतींवर येणारा जोर अधिक. शिवाय भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हते.

आता काडेपेटीच्या काड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे बाहेर येतात. या साध्या साहित्याची वाट खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना दाखवली. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की तिरका होतो. त्यात कर्णावर एक लांब काडी बसवली की दोन त्रिकोण तयार होतात आणि चौकोन हट्टाने उभा राहतो, कारण बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचे कोन बदलता येत नाहीत. पुस्तकात हे वाक्य मुलांनी वाचलेले असते. बोटांना मात्र ते आजच कळते. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी दिसणाऱ्या, पालकांनी रंगवून दिलेल्या ज्वालामुखीपेक्षा हा तासाभराचा खेळ अधिक शिकवतो, असे आमचे मत झाले आहे.

दुसरे घर काड्यांचे आहे, छत पुठ्ठ्याचे. फळी हलते, घर डोलते, पण पडत नाही. टाळ्या वाजतात. तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी म्हणते, “गुरुजी, फळी आडवी हलवून बघू का?” ती हलवते आणि घर एका कुशीवर बसते: तिरप्या काड्या समोरासमोरच्या दोनच भिंतींत बसवल्या होत्या. मुलांनी पुन्हा व्हॉल्व्ह ट्यूब कापायला घेतली आहे.