मुदत संपली, नोंद तशीच

(पडद्यावर काळं टर्मिनल. क्वेरी चालते, एक नोंद उमटते.)

हे डेटाबेसमधलं जँगो_सेशन टेबल. जँगो म्हणजे वेबसाइट बांधायची तयार चौकट, आणि सेशन म्हणजे वेबसाइटवर आलेल्या माणसाची सर्व्हरने लक्षात ठेवलेली माहिती. कॉलम तीनच. पहिल्यात ३२ अक्षरांची किल्ली, दुसऱ्यात गिचमिड दिसणारा लांबलचक मजकूर, तिसऱ्यात मुदत.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला आठवण नसते. लॉगिन करून पुढचं पान उघडलंत, की सर्व्हरच्या लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. यावर १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवायची छोटी चिठ्ठी, शोधून काढली. ब्राउझर कुकीतली किल्ली दर वेळी दाखवतो, आणि तुमची माहिती सर्व्हर सांभाळतो.

सांभाळायची कुठे? पीएचपी ही वेबसाइट लिहायची भाषा ती एरवी फायलींमध्ये ठेवते. सर्व्हर एकच असेपर्यंत ते झकास चालतं. गर्दी वाढून दुसरा सर्व्हर जोडला, की पहिल्यावर लॉगिन केलेला माणूस पुढच्या क्लिकला दुसऱ्यावर जातो. तिथे त्याची फाइलच नाही! बिचारा पुन्हा पासवर्ड टाकतो. डेटाबेस मात्र दोन्ही सर्व्हरना एकच असतो.

कॅन्ससमधल्या लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्रात घडलेलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं जँगो सेशन एरवी थेट डेटाबेसमध्येच ठेवतं. आपण बदलली नाही तर मुदत दोन आठवडे.

(तिसरा कॉलम जवळून.)

ही मुदत केव्हाच उलटून गेली आहे. ही किल्ली आता चालणार नाही, पण नोंद जागची हललेली नाही. लॉगआउट केलं असतं तर ती पुसली गेली असती. पण आपल्यातले किती जण लॉगआउट करतात? टॅब बंद केला, विषय संपला.

आणि दुसऱ्या कॉलममधला तो गिचमिड मजकूर कुलूपबंद नाही. कुणी तो बदलला तर कळावं म्हणून त्यावर जँगोची सही असते, एवढंच. कुणीतरी अर्धवट सोडलेला अर्ज, त्यातला फोन नंबर, सेशनमध्ये ठेवला असेल तर बॅकअप हाती पडलेला कुणीही वाचू शकतो. मुदत बाकी असलेली किल्ली तर आणखी घातक: आपल्या कुकीत चिकटवली, की दुसऱ्याच्या खात्यात प्रवेश. म्हणून बॅकअप कुणाला देताना मी हे टेबल आधी वगळतो.

उरलेली झाडलोट क्लिअरसेशन्स या कमांडची. जँगो ती आपणहून चालवत नाही. रोज रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, आपणच चालवायची.

(कमांड टाइप होते. एंटर.)

काम झालं तरी ती पडद्यावर एक अक्षर छापत नाही. म्हणून तीच क्वेरी पुन्हा चालवून पाहू.

(क्वेरी चालते. टेबल रिकामं.)