टॉप नसलेली दरी

मंडळी, आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत नेलं, की तासाभरात तो विचारतो, "टॉप कुठंय?" त्याची चूक नाही. गडावर जायचं म्हणजे दरवाजा, टाकं, मग झेंड्याचं टोक, तिथे फोटो आणि उतरायला सुरुवात. या राष्ट्रीय उद्यानात असं टोकच नाही. वाट पुष्पावती नदीच्या खोऱ्यात आत आत जाते. परत फिरायचं ते घड्याळ बघून, कारण आत मुक्कामाला परवानगी नाही. संध्याकाळच्या आत पायथ्याच्या घांगरिया गावी यावंच लागतं.

घांगरिया आहे साधारण ३,०५० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरं ठेवा, जवळपास तेवढी उंची, आणि तिथून कुठे घाटीची वाट सुरू! गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप जाते, पुढे घांगरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरचा चढ. त्या दिवशी पोहोचल्यावर काहीही करू नका. खा, झोपा.

गावापुढे वाट फुटते: डावीकडे घाटी, उजवीकडे हेमकुंड हे शिखांचं तीर्थस्थान. पहिल्या खेपेला मी दुसऱ्याच सकाळी उजवी धरली. सहा किलोमीटर, पण उंची बाराशे मीटरहून जास्त वाढते. वर पोहोचेस्तोवर डोकं ठणकत होतं. गुरुद्वाराच्या लंगरात गरम खिचडी समोर आली आणि दोन घासही जाईनात. ती खिचडी वाया घालवल्याचं अजून वाईट वाटतं. तेव्हा आधी घाटी, मग हेमकुंड. आणि जमलं तर घाटीला दोन दिवस.

घाटीत काय बघाल? जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत गेलात तर आधी भेटेल तेरडा. हो, आपल्या गौरीच्या तेरड्याचाच भाऊबंद, गुलाबी, पण कासला जो गुडघ्याखाली असतो तो इथे छातीला लागतो. त्यातून वाट काढताना कपडे पार भिजतात. निळी पॉपी मात्र शोधावी लागते, खडकांच्या आडोशाला.

फ्रँक स्माइद हा गिर्यारोहक १९३१ साली कामेत शिखर चढून परतताना इथे उतरला, आणि बाहेरच्या जगाला ही दरी ठाऊक झाली. भेड-बकऱ्या घेऊन येणाऱ्या इथल्या मेंढपाळांना ती आधीपासून माहीत होतीच म्हणा! १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, चराई बंद झाली. गंमत अशी, की त्यानंतर पॉलिगोनम नावाची एक वनस्पती माजली आणि आता वनखात्याला ती उपटत बसावं लागतं.

आत जोन लेग यांची समाधी आहे. फुलं गोळा करायला आलेल्या या बाई १९३९ साली इथेच खडकावरून घसरून गेल्या. नवख्यांनी तिथवर जावं, डबा खावा, आणि दुपारी परत फिरावं.

आणि ब्रह्मकमळ? तुमच्या गॅलरीत रात्री फुलतं ते मेक्सिकोकडचं निवडुंग. खरं हेमकुंडच्या चढावर, शेवटच्या टप्प्यात, दगडांमधून दिसेल: फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ पाकळ्यांची ओंजळ, आत जांभळट गुच्छ. तोडू नका. दम लागलेला असतोच, तिथेच टेका आणि बघा.