बी कोणतं ते सांगा

[दृश्य: टेबलावर रफ कागद, पेन्सिल, शेजारी छापील सूचना.]

निवेदन:
पाठ्यपुस्तकाच्या चित्रकाराला सूचना येते: 'बी रुजताना दाखवा. आकर्षक हवं.'

बी कोणतं? हरभरा रुजला की त्याची दोन्ही दलं मातीतच राहतात, वर येतो तो कोंब. घेवड्याचं उलट, त्याची दलं माती सारून वर येतात. मका तर एकदल, मुळंही तंतुमय. लिहिणाऱ्याचं 'बी' म्हणून भागतं. चित्रात नुसतं बी काढता येत नाही, ते कशाचं तरी असावंच लागतं.

चित्रकार घेवडा निवडतो, दिसायला छान म्हणून. रफ मंजूर होतं. रंग भरून झाल्यावर तज्ज्ञांचा शेरा येतो, 'धड्यात हरभरा आहे.' धडा चित्रकाराला कुणी पाठवलेलाच नसतो! आणि मानधन बहुतेकदा चित्रामागे ठरलेलं, करेक्शनचं कुणी धरत नाही.

[दृश्य: मानवी शरीराची आकृती.]

'हृदय डावीकडे दाखवा.' कुणाच्या? आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा; त्याची डावी बाजू पानावर उजवीकडे येते. सूचना शब्दशः पाळली, तर आकृती चुकली.

'महाराष्ट्राचा नकाशा टाका', सोबत जुना रेफरन्स. त्यात पालघर नाही. तो जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला.

[दृश्य: मराठी आणि उर्दू पानं शेजारी शेजारी.]

बालभारतीची पुस्तकं मराठीसारखी उर्दूतही निघतात, आणि उर्दू वाचायची उजवीकडून डावीकडे. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू ही ओळ तशीच ठेवली, तर फुलपाखराचं अंडं होताना दिसेल. अख्खी पट्टी आरशातल्यासारखी फिरवली, तरी फुलपाखराचं काही बिघडत नाही. हृदयाची आकृती तशी फिरवून चालेल का? म्हणून चौकटींचा क्रम बदलायचा की चित्रच उलटायचं, हे आधी सांगावं लागतं. पान लावायला बसल्यावर नाही.

[दृश्य: दुसरा सूचना-कागद.]

आता ही सूचना ऐका. 'हरभरा. चार टप्पे, सुटे काढा. मातीचा छेद दाखवा, दलं मातीखालीच. नावं चित्रात लिहू नका, भाषांतर व्हायचं आहे. धड्याचं पान जोडलं आहे.'

अशी सूचना आली, की चित्रकाराचा पहिला फोन जातो तो रफ तयार झाल्याचं कळवायला.