दगड पाहून मुंबई ओळखा

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाची दगडी रांग, पश्चिमेला गोलसर कोपऱ्यांच्या, फिक्या रंगांच्या राहत्या इमारती. एक बाजू एकोणिसाव्या शतकातली गॉथिक, दुसरी 1930च्या दशकातली आर्ट डेको. 2018 साली युनेस्कोने या दोन्ही मिळून जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या. पण शैलींची नावं थोडी बाजूला ठेवू. आधी दगडाकडे पाहू.

राजाबाई टॉवर, विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा. उंची 280 फूट, बांधकाम 1869 ते 1878. आराखडा इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते भारतात कधी आलेच नाहीत, नकाशे लंडनहून आले. भिंतींचा दगड मात्र इथलाच, कुर्ल्याचा. कोरीवकामाला पोरबंदरचा चुनखडक वापरला. हा दगड इतका मऊ की छिन्नीखाली सहज उतरतो. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे जे पुतळे वर दिसतात, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. टॉवरची आठवण काढताना हे नाव सहसा कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

पोरबंदरचा हाच मऊपणा पुढे नडतो. हा दगड सच्छिद्र असतो. हवेतल्या गंधकाच्या वायूंची पावसाच्या ओलीत त्याच्याशी क्रिया होते, पृष्ठभागाचं जिप्सम बनतं, त्यावर काजळी बसते आणि काळी खपली धरते. खपली सुटते तेव्हा नाक, बोटं, पानांच्या कडा सोबत घेऊन जाते. म्हणून अशा कामावर वाळूचा मारा करून सफाई करणं म्हणजे उरलेली नक्षीही घालवणं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम 1878ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. मधला अष्टकोनी घुमट नीट पाहा. त्याच्या दगडी फासळ्या एकमेकींत खाचा करून अडकवल्या आहेत आणि तो खाली सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधाराचा सांगाडा, न लावता उभारला. त्या काळी हे मोठं धाडस होतं. प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत: सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा.

कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड शेजारी शेजारी पाहायचे, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. जॉर्ज विटेट यांची ही इमारत 1914 साली पूर्ण झाली. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच, 1924चा. तिथे पिवळ्या बेसाल्टच्या जोडीला काँक्रीट आलं.

या भिंती खराब होतात त्या बहुतेकदा सांध्यांपासून. जुने सांधे चुन्याचे. चुना ओल बाहेर सोडतो, भिंतीबरोबर थोडा हलतो. दुरुस्तीत हे सांधे सिमेंटने भरले की ओल आत कोंडते, मग ती दगडातूनच बाहेर पडते. सोबत आलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. सांधा शाबूत, दगड गेलेला! योग्य काम सावकाश होतं. जुना माल हातछिन्नीने काढायचा, कारण ग्राइंडर दगडाच्या कडा कापतो. सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल जायचं, धूळ झाडून सांधा ओला करायचा. मग एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू असा माल थराथराने दाबून भरायचा आणि काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं. पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं वरून छाटू नका. मुळं आत राहतात, जाडावतात आणि दगड ढकलतात.

मैदानाच्या पश्चिमेचं दुखणं वेगळं. आर्ट डेकोच्या इमारती आरसीसीच्या, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या. खिडक्यांवरच्या, भुवईसारख्या बारीक छज्ज्यांना सळईवर काँक्रीटचं आवरण कमी असतं. समुद्राची खारी हवा सळईपर्यंत पोचते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. इथे वरून नुसता गिलावा मारला तर आतला गंज वाढतच राहतो आणि तो पुन्हा सुटतो. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, गंज पूर्ण घासून, सळईला गंजरोधक थर देऊनच नवा माल भरावा लागतो. आणि भरताना छज्ज्याची मूळ जाडी राखायची. तो दोन इंचांनी जाड झाला, तरी सगळ्या दर्शनी भागाचं प्रमाण बिघडतं.